बाळाची वाढ मागे आहे म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय इतक्या वेळा आला की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. पोटातल्या बाळाचं वजन कमी, वाढ दोन आठवडे मागे, डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करून या, आणि मग घरात सगळ्यांची झोप उडालेली. पत्रं थोडी छोटी केलीत, आणि कोणाचंही नाव दिलेलं नाही.

प्रश्न : ताई, मला ३१ वा आठवडा चालू आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन १४०० ग्रॅम आलं आणि रिपोर्टवर ७ पर्सेंटाइल लिहिलंय. डॉक्टर म्हणाल्या वाढ दोन आठवडे मागे आहे, तीन आठवड्यांनी परत या. मी तर रडतेच आहे, तीन आठवडे नुसती वाट कशी बघू? बाळाला काही झालंय का?

अगं, आधी पाणी पी आणि शांतपणे वाच. तुझ्या रिपोर्टवरच्या या एका आकड्यावरून बाळाला काही झालंय असं कोणीच म्हणू शकत नाही, आणि काहीच नाही असंही म्हणू शकत नाही, म्हणूनच तुला परत बोलावलंय.

सगळ्यात पहिले फाइल उघड आणि सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी शोध. ११ ते १३ आठवड्यांच्या आसपास बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात आणि त्यावरून जी तारीख निघते ती पाच ते सात दिवस इकडेतिकडे इतकी बरोबर असते. तुझे ३१ आठवडे हे त्या सोनोग्राफीवरून मोजलेत की नुसत्या पाळीच्या तारखेवरून, हे डॉक्टरांना विचार. ज्यांची पाळी ३५-४० दिवसांनी येते त्यांच्यात गर्भ उशिरा राहिलेला असतो, तिथे बाळ मागे नसतंच, आपलं मोजणं पुढे गेलेलं असतं.

आणि याच्या उलटी चूक जास्त घातक आहे, ती मला कळकळीने सांगायचीये. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर मशीन स्वतःहून एक नवीन ड्यू डेट छापतं. बाळ लहान असेल तर ती तारीख पुढे गेलेली दिसते, आणि घरचे (कधीकधी दवाखान्यातलेसुद्धा) म्हणतात, अहो मग काही नाही, तारीखच पुढे आहे. असं केलं की खरोखर मागे पडलेलं बाळ कागदावर एकदम नॉर्मल होऊन जातं आणि कोणी त्याच्याकडे बघतच नाही. पहिल्या तिमाहीत तारीख एकदा पक्की झाली की ती नंतरच्या कुठल्याही सोनोग्राफीने बदलायची नसते.

आता वजन. पोटातल्या बाळाला कोणी वजनकाट्यावर ठेवत नाही, हे विसरायला होतं. डोक्याचा घेर, डोक्याची रुंदी, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजायची आणि सूत्रात घालायची, त्यातून वजनाचा अंदाज येतो. त्यात १०-१५ टक्के चूक अगदी चांगल्या हाताने केलं तरी होते, म्हणजे तुझं १४०० ग्रॅमचं बाळ खरं १२०० चंही असू शकतं आणि १६०० चंही. या चार मापांत पोटाच्या घेराकडे आम्ही डॉक्टर सगळ्यात जास्त लक्ष देतो, कारण पोषण कमी पडायला लागलं की बाळाच्या यकृतातला साठा आधी कमी होतो आणि पोट बारीक राहतं, डोकं मात्र बराच काळ बरोबर वाढत असतं.

पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेचे मार्क नाहीत. ७ पर्सेंटाइल म्हणजे त्याच आठवड्याची शंभर बाळं घेतली तर साधारण सात बाळं तुझ्या बाळापेक्षा लहान. दहाच्या खाली असेल तर बाळ लहान म्हणायचं असं ठरलंय, पण शंभरातली दहा कायमच दहाच्या खाली असणार ना, आणि त्यातली बरीचशी नुसती चणीने लहान असतात, आईवडीलही तसेच असतात, बाळ आपल्या वेगाने छान वाढत असतं. आम्हाला शोधायचं असतं ते वेगळंच बाळ, ज्याला वाढायचं होतं पण वारेतून (प्लासेंटातून) पुरेसं मिळत नाही म्हणून वाढ अडली.

हे दोन वेगळे कसे करायचे यावर २०१६ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून निकष ठरवले. वजन किंवा पोटाचा घेर ३ पर्सेंटाइलच्या खाली असेल तर तेवढ्यावरच वाढ खुंटली म्हणायचं. ३ ते १० च्या मध्ये असेल तर दुसरा काहीतरी पुरावा लागतो, डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह बिघडलेला, किंवा ३२ आठवड्यांनंतर बाळ स्वतःच्याच आधीच्या रेषेवरून खूप खाली घसरलेलं. म्हणून जे बाळ पहिल्यापासून ८ वर आहे आणि आजही ८ वरच आहे त्याच्यापेक्षा जे ८५ वर होतं आणि आता ३० वर आलंय त्याची मला जास्त काळजी वाटते, जरी कागदावर ३० नॉर्मल दिसत असलं तरी.

तुला तीन आठवड्यांनी बोलावलंय ते टाळाटाळ म्हणून नाही. दोन आठवड्यांच्या आत परत वजन मोजलं तर झालेली वाढ मोजण्यातल्या चुकीपेक्षा कमी असते, मग एकदा वाटतं बाळ वाढलंच नाही आणि एकदा वाटतं भरपूर वाढलं, दोन्ही खोटं. मधल्या काळात डॉप्लर आणि गर्भजल मात्र बघता येतं, ते केलं नसेल तर तीन आठवडे थांबू नकोस, या आठवड्यातच विचार. आणि पुढची सोनोग्राफी शक्यतो त्याच ठिकाणी कर, कारण तक्ता बदलला की पर्सेंटाइल बदलतं. बऱ्याच मशीनमध्ये हॅडलॉकचा तक्ता असतो, तो १९९१ चा, अमेरिकेतल्या ३९२ गरोदर बायकांच्या मोजमापावरून केलेला. दुसरा इंटरग्रोथचा, २०१४ मध्ये आलेला, त्यासाठी ब्राझील, चीन, भारत, इटली, केनिया, ओमान, ब्रिटन आणि अमेरिका अशा आठ देशांत निरोगी आयांच्या बाळांची वाढ मोजली होती. एकच बाळ एका तक्त्यावर ७ आणि दुसऱ्यावर १२ येऊ शकतं, आणि लोक उगाच वाढला-घटला करत बसतात.

प्रश्न : मॅडम, मी होणारा बाबा. पत्नीला ३३ वा आठवडा आहे. डॉप्लर रिपोर्टमध्ये नाळेतल्या रक्तवाहिनीत रेझिस्टन्स वाढलाय आणि ब्रेन स्पेअरिंग असं लिहिलंय. ब्रेन शब्द वाचून हातपाय गळाले. मेंदूला इजा झालीये का? डॉक्टरांनी दर आठवड्याला दोनदा बोलावलंय.

नाही, मेंदूला इजा झालीये असा त्याचा अर्थ नाही. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, या शब्दाने घाबरलेले खूप जण भेटतात.

आईच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतून रक्त वारेपर्यंत येतं, तिथून ऑक्सिजन आणि पोषण घेऊन बाळाचं रक्त नाळेतून बाळाकडे जातं, आणि वापरलेलं रक्त नाळेतल्या दोन धमन्यांमधून बाळ परत वारेकडे पाठवतं. वार निरोगी असली की तिच्यातल्या बारीक फांद्या मोकळ्या असतात, त्यामुळे बाळाच्या हृदयाचा ठोका पडतो तेव्हाही रक्त पुढे जातं आणि दोन ठोक्यांच्या मध्येही जातच राहतं. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या की पुढे जायला अडथळा होतो. पहिल्या टप्प्यात दोन ठोक्यांमधला प्रवाह नुसता कमी होतो, रेझिस्टन्स वाढलाय म्हणतात ते हेच. त्याच्या पुढे तो प्रवाह थांबतो, आणि सगळ्यात वाईट अवस्थेत रक्त उलटं यायला लागतं. तोपर्यंत वारेचा फार मोठा भाग निकामी झालेला असतो. तुमच्या रिपोर्टवर प्रवाह कमी आहे की थांबलेला आहे हे नीट विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

ब्रेन स्पेअरिंग म्हणजे बाळाने केलेली स्वतःची सोय. मिळतंय थोडं तर ते आधी मेंदूला, हृदयाला द्यायचं आणि हातपाय, आतडी, किडनी यांना कमी द्यायचं. मेंदूच्या मधल्या धमनीतला प्रवाह वाढलेला दिसतो तो म्हणून. किडनीला कमी रक्त म्हणून लघवी कमी, आणि गर्भजल हे मुख्यतः बाळाची लघवीच असल्यामुळे पाणी कमी होतं, तेव्हा पाणी कमी आहे असं ऐकलं की नुसतं पाणी प्यायला लावून भागत नाही. मेंदूची धमनी आणि नाळेची धमनी यांच्या आकड्यांचा भागाकार करून सीपीआर नावाचा आकडा काढतात, तो घसरला की समजायचं बाळाने काटकसर सुरू केली. इजा झाली नसली तरी बाळाला ताण पडतोय एवढं मात्र त्यातून कळतं, म्हणून लक्ष वाढवायचं.

ही सगळी भानगड लवकर सुरू झाली, म्हणजे ३२ आठवड्यांच्या आधी, तर चित्र साधारण ठरलेल्या क्रमाने बिघडतं, आधी नाळ, मग मेंदू, आणि शेवटी हृदयाजवळची एक छोटी शीर, डक्टस व्हिनोसस. ती बिघडली की बाळाचं हृदय दमायला लागलंय असं समजतात. युरोपातल्या ट्रफल नावाच्या अभ्यासात ३२ आठवड्यांच्या आतल्या अशाच बाळांची डिलिव्हरी कधी करायची हे या शिरेवरून आणि कॉम्प्युटरने मोजलेल्या ठोक्यांवरून ठरवलं होतं, आणि इतक्या लवकर जन्मूनही बरीच बाळं दोन वर्षांची होईपर्यंत चांगली वाढली. या लवकरच्या प्रकारात आईचं बीपीही बरेचदा वाढतं, तेव्हा पत्नीचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली वरच्या पोटात दुखणं यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

उशिरा सुरू होणारा प्रकार मात्र फसवा असतो. तिथे नाळेचा डॉप्लर शेवटपर्यंत नॉर्मल येऊ शकतो आणि फक्त मेंदूच्या धमनीत बदल दिसतो. म्हणून डॉप्लर नॉर्मल असं कोणी सांगितलं तर कुठकुठल्या रक्तवाहिन्या बघितल्या हे विचारायला काहीच हरकत नाही, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आठवड्यातून दोनदा हे थकवणारं आहे हे मान्य, ऑफिस, प्रवास, प्रत्येक वेळी पोटात गोळा. पण जोखमीच्या गरोदरपणात नाळेचा डॉप्लर वापरल्याने जन्माच्या आसपासचे बाळांचे मृत्यू जवळपास २९ टक्क्यांनी कमी होतात असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय, आमच्या शाखेत इतका ठोस पुरावा असलेल्या तपासण्या कमी आहेत. तेव्हा जा, दरवेळी सोबत जा, आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी आठव्या महिन्यात आहे, बाळाचं वजन कमी भरलंय. मी तिला दिवसभर झोपवून ठेवते, दर दोन तासांनी खायला देते, प्रोटीन पावडर चालू केली, ओळखीच्या एकींनी सलाईन लावून घ्या म्हटलं. तरी वजन वाढेना. आमचं काय चुकतंय?

काकू, तुमचं काही चुकत नाहीये आणि तुमच्या लेकीचंही नाही. हे तिला माझ्या नावाने सांगा, कारण घरात सगळे ताटाकडे बघायला लागले की ती बिचारी प्रत्येक घासाला अपराधी होत असणार.

आईचं पोषण खरंच कमी असेल, रक्त फार कमी असेल, तर ते दुरुस्त करायलाच हवं आणि त्याने फरक पडतो. पण जिचं खाणं व्यवस्थित आहे तिच्या वारेचाच रस्ता अरुंद झाला असेल तर ताटात कितीही वाढलं तरी पलीकडे तेवढंच पोचतं. पावडर, प्रोटीनचं सलाईन याने अडलेली वाढ सुरू होते असा भरवशाचा पुरावा नाही. दिवसभर झोपवून ठेवण्याचाही फायदा दिसलेला नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डाव्या कुशीवर आराम करू दे, पण फिरू दे, अंघोळ, कामधाम बेताने करू दे.

औषधांचंही तसंच. सिल्डेनाफिल या गोळीने वारेचा रक्तपुरवठा वाढेल अशी मोठी आशा होती, पण २०१८ मध्ये नेदरलँड्समधली तिची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण ज्यांच्या आयांना गोळी दिली त्यांच्यातल्या काही नवजात बाळांना फुप्फुसाचा गंभीर त्रास झाला. म्हणून कोणीतरी सांगितलं म्हणून कुठलीही गोळी सुरू करू नका. आज तरी अडलेली वाढ पोटातल्या पोटात पूर्ववत करणारं औषध हातात नाही. जे आहे ते म्हणजे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं आणि योग्य वेळी बाळाला बाहेर काढणं, आणि ते कमी नाही हो.

घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर मात्र ते आजच्या आज बंद, तिच्या आसपाससुद्धा नको. तंबाखू कुठल्याही रूपात नको. यातून खरोखर फरक पडतो.

प्रश्न : सगळे म्हणतात माझं पोट सातव्या महिन्याचं वाटतच नाही. काळजी करू का?

बघणाऱ्यांच्या बोलण्यावरून नको. उंची, पोटाचे स्नायू, बाळ कसं आडवं-उभं आहे, कितवं गरोदरपण आहे, यावर पोटाचा आकार दिसतो. दर भेटीत टेपने मोजून घ्या, ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत. २४ आठवड्यांनंतर जेवढे आठवडे साधारण तेवढे सेंटीमीटर, तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त कमी भरलं किंवा दोन भेटींत वाढलंच नाही तर सोनोग्राफी. टेप सगळी लहान बाळं पकडत नाही, वजन जास्त असेल किंवा जुळं असेल तर टेपचा उपयोगच नाही, त्यांनी थेट ग्रोथ स्कॅन करायचे.

प्रश्न : ३५ आठवडे, वाढ कमी म्हणून निगराणीखाली. काल एनएसटी नॉर्मल आली. आज बाळ कमी हलतंय असं वाटतंय, पण कालच तर नॉर्मल होतं, परत गेले तर हसतील का?

हे पत्र हातात पडल्या पडल्या मी तुम्हाला लगेच जा असं कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. एनएसटीमध्ये, म्हणजे बाळाचे ठोके मशीनवर नोंदवायच्या तपासणीत, त्या वीस-चाळीस मिनिटांतले ठोके कळतात, त्या वेळेपुरतं बाळ ठीक आहे एवढंच. कालची नॉर्मल एनएसटी आजची हमी देत नाही, आणि ज्या बाळाची वाढ अडलीये त्याच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

कमी हालचाल म्हणजे किती, हा हिशोब प्रत्येक बाळाचा वेगळा. तुम्हाला तुमच्या बाळाची रोजची पद्धत माहीत असते, संध्याकाळी जास्त, जेवल्यावर जास्त, ती बदलली की तेच कारण पुरेसं आहे. शंका असेल तर एका कुशीवर पडून लक्ष देऊन मोजा, दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर निघायचं, रात्रीचे दोन वाजले असतील तरी. गोड खाऊन बघू, सकाळी जाऊ, असं नको. शेवटच्या महिन्यात जागा कमी म्हणून बाळ कमीच हलतं हे सर्रास सांगितलं जातं, ते चुकीचं आहे, हालचालीची जात बदलते पण हलणं कमी व्हायला नको. घरी ठोके ऐकायचं छोटं मशीन घेऊन स्वतःची समजूत घालू नका, ठोका ऐकू येणं आणि बाळ सुखरूप असणं यात फार अंतर आहे.

तिथे गेल्यावर एनएसटी, पाणी, डॉप्लर, आणि कधी बायोफिजिकल प्रोफाइल करतील, त्यात श्वासासारखी हालचाल, अंग हलवणं, स्नायूंचा ताण, पाणी आणि एनएसटी यांना प्रत्येकी दोन असे दहापैकी गुण देतात. आणि कोणी हसत नाही. हसलं तर ती चूक त्यांची.

प्रश्न : वाढ खुंटली असेल तर लगेच सिझर करून बाळ बाहेर का काढत नाहीत? बाहेर काढून पाजून वाढवता येईल की.

किती जण मनातल्या मनात हे विचारतात! एका बाजूला पोटात राहिल्याचा धोका, दुसऱ्या बाजूला अपुऱ्या दिवसांचं जन्मल्याचा धोका, आणि २८-३० आठवड्यांना पोटातला एकेक दिवस फुप्फुसांसाठी, आतड्यांसाठी, मेंदूसाठी मोलाचा असतो. म्हणून आम्ही ताणतो, पण तुटेपर्यंत नाही.

ढोबळ अंदाज सांगते, प्रत्येकीचं थोडं वेगळं होणार. बाळ ३ ते १० पर्सेंटाइलमध्ये आणि सगळे डॉप्लर नॉर्मल असतील तर ३८-३९ आठवड्यांपर्यंत थांबता येतं. ३ च्या खाली असेल किंवा नाळेतला रेझिस्टन्स वाढला असेल तर साधारण ३७ च्या आसपास. दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबला असेल तर ३२ ते ३४, आणि उलटा झाला असेल तर ३० ते ३२. आईचं बीपी हाताबाहेर गेलं, ठोके बिघडले, तर हे आठवडे बाजूला ठेवून त्याच दिवशी. ३४ च्या आत डिलिव्हरी होणार असं दिसलं की बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, बीटामेथासोन असेल तर चोवीस तासांच्या अंतराने दोन, आणि ३२ च्या आत असेल तर मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट. स्टेरॉइड शब्दाला घाबरून नाही म्हणू नका, बाळ जगण्याची शक्यता त्याने खरोखर वाढते.

सिझरच होईल असं नाही. प्रवाह थांबलेला किंवा उलटा असेल तर बहुतेक सिझरच, कारण कळांचा ताण ते बाळ सहन करू शकत नाही. बाकीच्यांना कळा आणून, ठोके सतत मशीनवर बघत नॉर्मल डिलिव्हरीचा प्रयत्न करता येतो आणि बऱ्याचजणींची होतेही. नेदरलँड्समधल्या डिजिटॅट या अभ्यासात ३६ आठवड्यांनंतर अशा काही बायकांना कळा आणल्या आणि काहींना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं, दोन्हीकडे बाळांची तब्येत सारखीच राहिली आणि सिझरही वाढले नाहीत. ठिकाण मात्र आधीच ठरवा, लहान बाळांचा अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच. जन्मल्यावर बाळ दुसरीकडे हलवण्यापेक्षा पोटात असताना हलवणं केव्हाही सुरक्षित.

प्रश्न : मागच्या वेळी बाळ ३४ आठवड्यांना १३०० ग्रॅमचं झालं, आता छान आहे. दुसरा चान्स घ्यायचाय, पुन्हा तसंच होईल का?

बाळ छान आहे हे वाचून फार बरं वाटलं. पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण या वेळी आपण आधीपासून तयार असू. चान्स घेण्याआधी एकदा भेटा, बीपी, शुगर, किडनी बघून घ्या, आणि रक्त गोठण्याशी संबंधित फॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या तपासण्या करा, त्या पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी परत करून खात्री करावी लागते. मागच्या वेळी वारेची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट शोधा, जन्माचं वजन आणि नेमके किती आठवडे झाले होते तेही लिहून आणा, डिस्चार्ज कार्डवर असतं.

दिवस गेले की ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी अजिबात चुकवू नका. डॉक्टरांना योग्य वाटलं तर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन रात्री घ्यायला सांगतील, ती १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच तिचा खरा उपयोग, पाचव्या महिन्यात आठवण होऊन फारसा फायदा नाही, आणि स्वतःच्या मनाने तर मुळीच घ्यायची नाही. विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, मग साधारण २६-२८ पासून दर तीन-चार आठवड्यांनी ग्रोथ स्कॅन, एवढं वेळापत्रक पहिल्याच भेटीत लिहून घ्या.